एका माणसाची देवाणघेवाण : बीजिंग, १९८५

आज ज्या प्रदर्शनाबद्दल बोलणार आहे ते तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं नाही, मीही पाहिलेलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९८५ मध्ये, बीजिंगच्या राष्ट्रीय कलादालनात एका अमेरिकन चित्रकाराचं एकल प्रदर्शन भरलं. चित्रकाराचं नाव रॉबर्ट राऊशेनबर्ग. तीन आठवड्यांत तीन लाखांहून अधिक माणसं येऊन गेली, म्हणजे दिवसाला सरासरी चौदा-पंधरा हजार. आपल्याकडे एवढी गर्दी गणपतीला होते, चित्रप्रदर्शनाला नाही.

हे प्रदर्शन एका मोठ्या उपक्रमाचा भाग होतं. त्याचं नाव 'राऊशेनबर्ग ओव्हरसीज कल्चर इंटरचेंज'. आद्याक्षरं जोडली की इंग्रजीत 'रॉकी' होतं, आणि रॉकी हे त्याच्या पाळलेल्या कासवाचं नाव होतं. नावातला तिसरा आणि चौथा शब्द घ्या : सांस्कृतिक देवाणघेवाण. आणि पहिला शब्द? चित्रकाराचं स्वतःचं आडनाव. मला आज नेमकं इथेच बोट ठेवायचं आहे. देवाणघेवाणीला दोन पक्ष लागतात. एका माणसाचं एकल प्रदर्शन ही देवाणघेवाण कशी होऊ शकते? तो नेणार, तो मांडणार, भिंतींवर सगळीकडे तोच. मग 'घेवाण' कुठे आहे?

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे आधी शब्दाकडे जातो. मार्सेल मॉस या फ्रेंच विचारवंताने १९२५ मध्ये दानावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, भेट ही कधीच नुसती भेट नसते. देणं, स्वीकारणं आणि परतफेड करणं अशी तिन्ही बंधनं तिच्यात गुंतलेली असतात. परतफेड करता येत नसेल तर घेणारा देणाऱ्यापेक्षा खाली जातो. आपल्याकडे हे समजवायला मॉस लागत नाही. लग्नात आहेराची वही ठेवणाऱ्या प्रत्येक घराला ते ठाऊक असतं. देशादेशांमधल्या सांस्कृतिक करारांचंही असंच असतं. तुमचं नृत्यपथक आलं, आमचं जाईल. तुमचं प्रदर्शन आलं, आमचं जाईल. वही दोन्हीकडच्या मंत्रालयांत ठेवलेली असते. १९८५ मध्येच अमेरिकेत 'फेस्टिव्हल ऑफ इंडिया' झाला. तो याच जातीचा, सरकार ते सरकार. राजीव गांधी आणि रेगन यांच्या काळातला. त्यातल्या 'अदिती' प्रदर्शनात राजीव सेठींनी आपले जिवंत कारागीर वॉशिंग्टनला नेले, ती एक वेगळीच चांगली गोष्ट. असो.

राऊशेनबर्गला ही सरकारी वही नको होती. त्याला कारण आहे.

१९६४ च्या व्हेनिस बिएनालेत चित्रकलेचं मोठं पारितोषिक त्याला मिळालं. अमेरिकन दालन त्या वर्षी अमेरिकन सरकारच्या माहिती खात्याने चालवलं होतं, चित्रं लष्करी विमानाने नेली होती. युरोपात आरडाओरडा झाला : हे बक्षीस चित्राला नाही, शीतयुद्धातल्या एका पक्षाला आहे. चित्रकार रात्रीत प्रसिद्ध झाला आणि त्याच रात्रीत एका साम्राज्याचा वकील ठरला. पुढे त्याने काय केलं बघा. न्यूयॉर्कला मित्राला निरोप धाडून स्टुडिओतले सिल्कस्क्रीनचे पडदे नष्ट करायला सांगितले, का तर त्याच यशाची पुनरावृत्ती करण्याचा मोह नको. हा माणूस थोडा नाटकी होता, हे कबूल करायला हवं. पण त्या नाटकात खरेपणाही होता.

त्याच वर्षी मर्स कनिंगहॅमच्या नृत्यसंघाबरोबर, नेपथ्य-वेशभूषा-प्रकाशाची बाजू सांभाळत, तो जगभर फिरला आणि भारतातही आला. आणि १९७५ मध्ये साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून पुन्हा अहमदाबादला. या वेळी साबरमतीच्या गांधी आश्रमातल्या हातकागदाच्या कारखान्यात बसून त्याने काम केलं. चिंध्यांपासून केलेला कागदाचा लगदा, त्यात बांबूच्या कामट्या आणि कापडाचे तुकडे. दुसऱ्या काही कामांसाठी त्याने घरं लिंपायला वापरतात तसा चिखल तयार करून घेतला. त्यात कागदाचा लगदा, मेथीची पूड, चिंचोक्यांची पूड, खडूची भुकटी, डिंक आणि मोरचूद. मोरचूद वाळवी दूर ठेवायला, चिंचोके चिकटपणाला. हे ज्ञान तिथल्या माणसांचं होतं, त्याचं नव्हतं. परत गेल्यावर त्याने नुसत्या रेशमी कापडांची एक मालिका केली, कापड भिंतीवर टेकवलेल्या वेताच्या काठीवरून सोडलेलं, बाकी जवळजवळ काही नाही. अहमदाबादच्या रस्त्यावरचे कापडाचे ढीग पाहिल्याशिवाय ती मालिका झाली नसती. तेव्हा घेवाण होती. भरपूर होती. फक्त ती त्याच्या बाजूला जमा झाली. चिंचोक्याचं प्रमाण सांगणाऱ्या माणसाचं नाव कुठल्याही संग्रहालयाच्या पाटीवर नाही.

१९८२ मध्ये तो चीनमध्ये गेला, आनह्वे प्रांतातल्या चिंगश्येनला. तिथे शुआन कागद होतो. एका झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून केलेला, शतकानुशतकं चिनी सुलेखनाला आणि चित्रांना आधार देणारा कागद. बनवण्याची रीत इतकी जपलेली की, कारखान्याच्या आत त्याला जाऊ दिलं नाही. बाहेर राहून, त्यांनी आणून दिलेल्या कागदावर त्याने काम केलं. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. साबरमतीला दार उघडं होतं, चिंगश्येनला बंद होतं. बंद दाराशी उभं राहिल्यावर माणसाला समजतं की समोरच्याकडे आपल्याला न मिळणारं काहीतरी आहे. तिथेच त्याला आणखी एक गोष्ट जाणवली. भोवतालची माणसं आपल्या मुलखाबाहेर फारशी गेलेली नव्हती. बाहेर जायला परवानगी लागे, शेजारच्या प्रांतात काय चालतं याची कल्पना नाही. माणसांना प्रवास करता येत नसेल तर निदान वस्तूंना करू द्यावा, हा 'रॉकी'चा गाभा. ही कल्पना तिथे पक्की झाली असं तो सांगत असे.

डिसेंबर १९८४ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात घोषणा झाली. योजना अशी : एका देशात आधी जायचं, कारागिरांबरोबर राहायचं, फोटो काढायचे, तिथल्या वस्तू आणि कापडं गोळा करायची, त्यातून कामं करायची. मग त्याच देशात प्रदर्शन. यजमान देशाला एक काम भेट म्हणून द्यायचं. आणि मग सगळं पेट्यांत भरून पुढच्या देशात. म्हणजे मेक्सिकोत केलेलं काम चिलीला दिसेल, चिलीतलं व्हेनेझुएलाला, आणि या तिन्हींचं बीजिंगला. प्रदर्शन वाटेत फुगत जाणार.

आता इथे माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. अमेरिका आणि चीन यांच्यातली ही देवाणघेवाण नव्हतीच. तसं समजून पाहिलं तर ती फसलेलीच दिसते, कारण एकही चिनी चित्रकार या उपक्रमातून अमेरिकेला गेला नाही. पण हा माणूस स्वतःला पक्ष समजत नव्हता, हमाल समजत होता. मेक्सिकोचा माल चीनला पोचवणारा. हमालाने मालावर आपलं नाव का घातलं, हा प्रश्न उरतोच.

पैशाचं काय? सरकारी मदतीवर चालायचं नाही असं ठरलेलं. मोठ्या कंपन्या पुढे येतील ही आशा फारशी फळली नाही. शेवटी त्याने संग्रहातली मित्रांची चित्रं विकली, त्यांत जॅस्पर जॉन्सची होती, आणि फ्लोरिडातल्या कॅप्टिव्हा बेटावरची मालमत्ता गहाण टाकली. सुरुवातीच्या यादीत वीसहून अधिक देश होते. त्यातले निम्मेच झाले.

पहिला मुक्काम मेक्सिको, एप्रिल १९८५. ऑक्टाव्हिओ पाझने त्या निमित्ताने कविता लिहिली. हे पाझ म्हणजे आपल्याकडे सहा वर्षं मेक्सिकोचे राजदूत असलेले, हे तुम्हाला आठवत असेलच.

दुसरा मुक्काम चिली. इथे थांबायला हवं.

१९८५ चा चिली म्हणजे पिनोशेचा चिली. ११ सप्टेंबर १९७३ ला आयेंदेंचं निवडून आलेलं सरकार लष्कराने उलथवलं. त्याला बारा वर्षं झाली होती. माणसं नाहीशी होत होती, कलावंत परदेशात आसरा घेऊन होते. अशा देशातल्या राष्ट्रीय संग्रहालयात शांततेचा झेंडा घेऊन जायचं? टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. त्याच काळात दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्कार होता आणि जगातले बहुतेक विचारी कलावंत तो पाळत होते. मग चिलीला वेगळा न्याय का?

दोन्ही बाजू मला दिसतात, आणि मी दोन्ही बाजूंना थोडा वेळ उभा राहून पाहिलं आहे. बहिष्काराचा युक्तिवाद असा : हुकूमशहाला पाहुण्याची गरज असते. पाहुणा काय मांडतो याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पाहुणा आला, एवढं छायाचित्र पुरतं. दुसरी बाजू अशी : बहिष्कार हुकूमशहापर्यंत पोचायच्या आधी सांतियागोच्या कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यापर्यंत पोचतो. बारा वर्षं ज्याला बाहेरचं काही दिसलेलं नाही त्याला आणखी एक वर्ष काही दिसणार नाही. माझं मत विचाराल तर फरक इथे आहे : दक्षिण आफ्रिकेत बहिष्काराची मागणी तिथल्या दडपलेल्या लोकांच्या संघटनांनीच केली होती. ती मागणी असेल तर बाहेरच्याने आपली अक्कल चालवू नये. चिलीत तशी एकमुखी हाक नव्हती. म्हणून त्याचं जाणं मला समर्थनीय वाटतं. निर्दोष नाही, समर्थनीय.

आणि तिथे त्याने केलं काय, तर तांबं. चिलीच्या तांब्याच्या पत्र्यांवर तिथल्या रस्त्यांवरचे फोटो सिल्कस्क्रीनने छापले, रसायनांनी पत्रा ठिकठिकाणी काळवंडवला. तांबं हे चिलीत नुसतं धातूचं नाव नाही. १९७१ मध्ये आयेंदेंनी तांब्याच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण केलं, आणि त्या खाणी मुख्यतः अमेरिकन कंपन्यांच्या होत्या. एका अमेरिकनाने तांब्यावर काम करायचं आणि ते सांतियागोत टांगायचं, यातलं राजकारण तिथल्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागलं नसणार. राजवटीच्या भिंतीवर ते लागलं. बघणाऱ्याने काय वाचलं ते त्याचं त्याला ठाऊक.

व्हेनेझुएलानंतर चीन. बीजिंगच्या राष्ट्रीय कलादालनाचा इतिहास थोडा सांगतो, त्याशिवाय त्या तीन लाखांचा अर्थ लागणार नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये 'तारे' नावाच्या एका तरुण गटाने याच दालनाबाहेरच्या बागेच्या कुंपणावर आपली चित्रं टांगली होती. आत जागा मिळत नव्हती, म्हणून बाहेर. पोलिसांनी ती उतरवली, आणि १ ऑक्टोबरला मुलांनी मोर्चा काढला. १९८१ मध्ये बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातली अमेरिकन चित्रं बीजिंगला आली तेव्हा त्यातली अमूर्त चित्रं काढून टाका असा आग्रह झाला. बराच वाद होऊन ती लागली. १९८३ मध्ये 'आत्मिक प्रदूषणा'विरुद्ध सरकारी मोहीम. कला अकादमींत रशियन वळणाचं वास्तववादी तैलरंगचित्रण शिकवलं जाई, आणि ते उत्तम शिकवलं जाई, हेही नोंदवलं पाहिजे. पण चित्र म्हणजे चौकटीत रंगवलेलं काहीतरी, याबद्दल शंका घ्यायला वाव नव्हता.

त्याच दालनात नोव्हेंबर १९८५ मध्ये कापडं, पुठ्ठे, धातूचे पत्रे, फोटोंचे छाप, रोजच्या वापरातल्या वस्तू. कुंपणाबाहेर जे लावू दिलं नव्हतं त्याच्या कितीतरी पुढचं आत लागलं, कारण ते परक्याचं होतं. पाहुण्याला सूट असते, घरच्या पोराला नसते.

बघणाऱ्यांत गोंधळलेले होते, रागावलेले होते, आणि एक पिढी होती जिचा श्वास मोकळा झाला. त्या वर्षी चीनमध्ये ठिकठिकाणी तरुण कलावंतांचे गट उभे राहत होते, त्यालाच पुढे 'पंच्याऐंशीची नवी लाट' म्हणू लागले. ही लाट राऊशेनबर्गने आणली असं काही पाश्चात्त्य लेखक सुचवतात. ते मला मान्य नाही. ही मुलं आधीपासून नीत्शे, सार्त्र, विटगेनस्टाइन अधाशासारखी वाचत होती. भाषांतरं हातोहात फिरत होती. त्यांना परवानगी हवी होती, कल्पना नव्हे. प्रदर्शनाने दिली ती परवानगी : वस्तू जशीच्या तशी कलेत येऊ शकते, आणि ती राष्ट्रीय दालनात लागू शकते. प्रदर्शनानंतर त्याच्यासारखं करणाऱ्या अनुकरणाचं पेव फुटलं. अनुकरण लवकरच विरलं. परवानगी मात्र परत घेता आली नाही.

मॉसची तीन बंधनं आठवा. इथे स्वीकार झाला, पण परतफेड देणाऱ्याकडे आलीच नाही. ती पुढे, आपसांत, दुसऱ्याच कोणाला दिली गेली. याची वही देणाऱ्याला ठेवता येत नाही, आणि माझ्या मते म्हणूनच ती खरी देवाणघेवाण होती. राऊशेनबर्गला आपण काय दिलं हे नीटसं कळलं नसावं. आपण मेक्सिको आणि चिली दाखवतो आहोत असं त्याला वाटत होतं. बघणाऱ्यांनी मेक्सिकोकडे फारसं लक्ष दिलं नाही.

बीजिंगहून त्याच डिसेंबरमध्ये प्रदर्शन ल्हासाला गेलं. 'रॉकी'च्या यादीत तिबेट चीनपेक्षा वेगळं मोजलं आहे. दहा देश म्हणतात तेव्हा त्यांत तिबेट धरून दहा. तिथल्या कामांच्या नावातही स्वतंत्रपणे 'तिबेट' आहे. प्रदर्शन मात्र चिनी शासनाच्या परवानगीने, चिनी शासनाच्या जागेत. यादी एक सांगते, परवाना दुसरं सांगतो. हा धीटपणा की भाबडेपणा, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

पुढचे मुक्काम भराभर सांगतो. १९८६ मध्ये टोकियो. १९८८ मध्ये हवाना. फेब्रुवारी १९८९ मध्ये मॉस्को. १९९० मध्ये पूर्व बर्लिन, भिंत पडली होती आणि दोन जर्मनी अजून एक व्हायच्या होत्या त्या मधल्या महिन्यांत. मग क्वालालंपूर. आणि १९९१ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत शेवट. तिथले समीक्षक बरेच थंड होते. सगळीकडचे फोटो आणि सगळीकडची कापडं एकाच हाताने जुळवल्यावर चिली आणि मलेशिया सारखेच दिसू लागतात, अशा अर्थाची तक्रार होती. तक्रार खोटी नाही. एकत्र, एकाच छपराखाली पाहिलं तर तसंच दिसतं. पण ती कामं एकत्र पाहण्यासाठी केलेली नव्हती. समीक्षकांनी वॉशिंग्टनला शेवटचं स्टेशन पाहिलं, गाडी पाहिली नाही.

मॉस्कोचा महिना लक्षात ठेवा, फेब्रुवारी १९८९. त्याच महिन्यात बीजिंगच्या त्याच राष्ट्रीय कलादालनात चिनी तरुणांचं पहिलं मोठं नवकला प्रदर्शन भरलं. 'तारे' गटाला कुंपणावर टांगून घ्यावी लागली होती ती दशकभरापूर्वीची गोष्ट. ५ फेब्रुवारीला, उद्घाटनाच्या दिवशीच, श्याव लू या तरुणीने आपल्याच मांडणीवर पिस्तुलातून दोन गोळ्या झाडल्या. टेलिफोनचे दोन बूथ, एकात स्त्री, एकात पुरुष, मधे लोंबकळणारा रिसीव्हर. मांडणीचं नाव 'संवाद'. प्रदर्शन काही तासांत बंद करण्यात आलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद झालं. चार महिन्यांनी, जून १९८९ मध्ये, त्या दालनापासून फार लांब नसलेल्या चौकात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

एक शेवटची वस्तू सांगतो आणि मग प्रश्न घेऊ. श्यामेन शहरात ह्वांग योंग फिंग नावाचा चित्रकार होता. राऊशेनबर्गने त्याला घडवलं असं मी म्हणत नाही. तो दादावाद वाचणारा, विटगेनस्टाइन वाचणारा, स्वतःच्या बुद्धीचा माणूस. १९८६ मध्ये त्याच्या गटाने प्रदर्शन संपल्यावर आपलीच कामं जाळून टाकली होती. १ डिसेंबर १९८७ रोजी त्याने दोन पुस्तकं घेतली. एक वांग बोमिन यांचा चिनी चित्रकलेचा इतिहास. दुसरा हर्बर्ट रीड यांचा आधुनिक चित्रकलेचा संक्षिप्त इतिहास, पाश्चात्त्य आधुनिक कलेचा. दोन्ही कपडे धुण्याच्या यंत्रात एकत्र टाकली आणि दोन मिनिटं यंत्र चालवलं. बाहेर निघालेला कागदाचा लगदा काचेच्या तुकड्यावर काढला आणि ती काच लाकडी खोक्यावर ठेवली. त्या ढिगात चिनी कला कुठली आणि पाश्चात्त्य कुठली हे वेगळं करता येत नाही, आणि वाचता तर काहीच येत नाही. लगदा तोच, ज्यात राऊशेनबर्गने साबरमतीला हात घातला होता. फक्त मेथी आणि चिंचोके नव्हते.

बोला, कोणाचा प्रश्न आहे?